महाराष्ट्रातील विमानविद्या आणि आपले सोलापूर



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत असे संपादक भगिनींनी सांगितले, तेव्हा विषय शोधत बसावे लागले नाही. २०२५ च्या जून महिन्यात सोलापूरहून गोव्याला आणि ऑक्टोबरात मुंबईला विमान सुरू झाले. तेव्हापासून हळदीकुंकू असो की भिशी, चार जणी जमल्या की विमानाची गोष्ट निघतेच. कोणी म्हणते, आता सोलापूरचे दैव उघडले. कोणी म्हणते, विमान हे पैसेवाल्यांचे वाहन. आपली माणसे कारखान्यात पाळीवर जाणारी, आपल्याला त्याचे काय?

दोन्ही बोलण्यांत थोडे थोडे तथ्य आहे. पण दोन्हींत विमानाकडे केवळ बसून जाण्याचे वाहन म्हणूनच पाहिले जाते. विमान आधी कोणाच्या तरी हातांनी बनवावे लागते, रोज तपासावे लागते आणि बिघडले तर दुरुस्त करावे लागते. आपल्या महाराष्ट्रात हे काम कसे आले, कोणी आणले, आणि त्यात आपल्या सोलापूरचा वाटा काय, हे आपल्या चिंचोळीच्या बायकांनी जाणून घ्यावे असे मला वाटते. मी सातवीपर्यंत शिकलेली. घरचे आटोपून वाचनालयातील पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचते, आणि यंत्राच्या गोष्टी घरात विचारून घेते, कारण आमच्या घरी लेथवर काम करणारे माणूस आहे. त्या शिदोरीवर हा लेख लिहिला आहे.

विमानाचा विषय निघाला की मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव हटकून येते. १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवले अशी कथा सांगतात. तळपदे हे अभ्यासू गृहस्थ होते यात शंका नाही; पण त्या उड्डाणाचा पक्का पुरावा मिळालेला नाही. जुन्या संस्कृत ग्रंथातील म्हणून सांगितल्या जाणाऱ्या विमानांचे आराखडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७४ साली तपासले, तेव्हा तशी विमाने उडू शकणार नाहीत असाच निष्कर्ष निघाला. आपल्या माणसाचा अभिमान असावा, पण तो खऱ्या गोष्टीचा असावा. आणि खऱ्या गोष्टी काही कमी नाहीत.

अमेरिकेत राईट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण केले, ते अवघे १२ सेकंदांचे. दोघेही सायकलींचे दुकान चालवणारे. म्हणजे या विद्येचा उगमच मुळी एका छोट्या कारखान्यात, हत्यारे हाताळणाऱ्या माणसांकडून झाला. पुढे आठ वर्षांच्या आतच, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, आपल्या देशात अलाहाबादहून नैनीला विमानाने सुमारे ६,५०० पत्रे नेली गेली. विमानाने रीतसर टपाल नेण्याचा जगातील तो पहिला प्रसंग मानतात.

आपल्या राज्यात विमानाने घर केले ते जुहूला. १९२८ साली तेथे विमानतळ झाला, आणि त्याच साली मुंबईत विमान चालवायला शिकवणारा क्लब सुरू झाला. त्या क्लबात शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळवला. हिंदुस्थानात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक १ होता. १५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी ते एका इंजिनाचे लहानसे विमान घेऊन एकटेच कराचीहून निघाले. बरोबर टपालाची पिशवी होती. वाटेत अहमदाबादला उतरले, तेथे विमानाचे तेल बैलगाडीतून डबे आणून भरले, आणि दुपारी जुहूला पोहोचले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे वैमानिक टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. आजची एअर इंडिया ती ह्या पिशवीतून निघाली.

त्या वेळचे जुहू कसले होते म्हणता? मातीच्या भिंतींची आणि झावळ्यांच्या छपराची एक झोपडी आणि समोर सपाट मैदान. पावसाळ्यात भरतीचे पाणी आले की मैदान पाण्याखाली जाई, म्हणून चार महिने सारा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. तरी १९३३ या पहिल्या पुऱ्या वर्षात त्यांनी १,६०,००० मैल उड्डाण केले, सुमारे १० टन टपाल वाहिले आणि १५५ उतारू नेले. वर्षभरात १५५ उतारू, म्हणजे आपल्या एका एस. टी. बसच्या तीनचार फेऱ्यांइतके! पण मोजकीच माणसे, मोजकेच कारागीर आणि वेळेवर काम, यांच्या जोरावर हा धंदा उभा राहिला. १९४६ साली त्या कंपनीचे नाव एअर इंडिया झाले, ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून लंडनकडे निघाले, १९५३ साली ती सरकारी झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आली.

टपालाचीच आणखी एक गोष्ट नागपूरची आहे. १९४९ साली रात्रीच्या विमान टपालाची योजना निघाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारी शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्री चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येत. तेथे पिशव्यांची अदलाबदल होई, आणि उजाडायच्या सुमारास ज्याचे त्याचे विमान आपापल्या शहरी परत. देशाच्या मध्यावर नागपूर असल्याचा हा फायदा. पुढे १९७३ साली ही योजना बंद झाली. आमच्या पिढीने ती पाहिली नाही, पण तेव्हाच्या किती बहिणींना भावाची पत्रे त्या मध्यरात्रीच्या अदलाबदलीतून मिळाली असतील!

आता आपल्या घरच्या माणसाकडे येते.

शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव सोलापुरात कोणाला ठाऊक नाही? त्यांच्या नावाच्या महाविद्यालयांत आपल्यापैकी कित्येकींची मुले शिकली. पण महाविद्यालयाच्या फाटकावरील नाव वाचणाऱ्या मुलांना विचारा, या गृहस्थांनी काय केले? बहुतेक गप्प बसतील. वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. शाळाही सोलापुरातच. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा. त्यात त्यांचे मन रमेना. रेल्वेत कारकून असलेल्या फाटक नावाच्या गृहस्थांबरोबर भागीदारी करून त्यांनी बार्शी लाईट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले. इथून सुरुवात. पुढे १९१९ साली सिंदिया कंपनीची आगबोट मुंबईहून इंग्लंडला गेली, त्या कंपनीच्या संस्थापकांत ते होते. तो ५ एप्रिल हा दिवस आजही देशात सागरी दिन म्हणून पाळतात. विशाखापट्टणमची जहाजगोदी, कुर्ल्याचा मोटारींचा कारखाना, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर, ही सारी त्यांचीच कामे.

विमानाच्या कारखान्याची कथा अशी. १९३९ साली ते मोटारींच्या कारखान्याची बोलणी करण्यासाठी अमेरिकेस गेले होते. परत येताना पॅसिफिक महासागरावरून जाणाऱ्या विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. महायुद्ध नुकतेच पेटले होते. चीनसारख्या संकटात सापडलेल्या देशात विमाने बनू शकतात, तर हिंदुस्थानात का नाही? वालचंदांनी तेथेच ठरवले. पण इंग्रज सरकारला हिंदुस्थानात असा कारखाना निघावा अशी हौस नव्हती. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला, युद्ध इंग्लंडच्या दारात आले, तेव्हा सरकारचे मन वळले.

मग प्रश्न आला जागेचा. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माइल यांनी बंगळूरजवळ जमीन दिली, आणि संस्थानाने २५ लाख रुपये भांडवल घातले. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये, म्हणजे वर्षसुद्धा झाले नव्हते, तोच तेथे जोडलेले पहिले शिकाऊ विमान आकाशात गेले. जुलै १९४२ मध्ये लढाऊ विमान उडाले. ज्या देशात टाचणीही बाहेरून येते असे लोक हिणवत, त्या देशात हे घडले.

आता कोणीही सोलापूरकर विचारील, शेठजी आपले, मग कारखाना बंगळूरला का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ दिवस विचारला, आणि माझ्या मते त्याचे उत्तर हेच या लेखाचे सार आहे.

सोलापूर हा थेट इंग्रजांच्या अमलाखालचा जिल्हा होता. येथे जमीन देणारा, भांडवल घालणारा, "तुम्ही या, बाकीचे आम्ही पाहतो" म्हणणारा कोणी नव्हता. म्हैसूरला स्वतःचे दरबार होते आणि दरबाराची इच्छा होती. शिवाय म्हैसुराने आधीच तयारी करून ठेवली होती. १९०२ साली शिवसमुद्रमच्या धबधब्यावर वीज तयार होऊ लागली आणि १९०५ साली बंगळुरात विजेचे दिवे लागले. १९०९ साली तेथे विज्ञान संस्था स्थापन झाली. भद्रावतीला लोखंडाचा कारखाना झाला. वीज, लोखंड, शिकलेली माणसे आणि राजाचे मन, ह्या चार गोष्टी जेथे तयार होत्या तेथे कारखाना गेला. सोलापुरात तेव्हा कापडाच्या गिरण्या जोरात होत्या, हजारो हात कामाला होते. पण ते हात सूत आणि माग जाणणारे. यंत्र कापण्याची, जोडण्याची विद्या शिकवणारी सोय आपल्याकडे नव्हती.

कारखाना गेला तेथे विद्याही मागोमाग गेली. १९४२ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत विमानविद्येचा स्वतंत्र विभाग उघडला. त्यात शिकवणारे डॉ. विष्णू माधव घाटगे हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे. जर्मनीत गटिंगेनला प्रांटल या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला होता. त्यांच्या देखरेखीखाली आखलेले 'एच. टी. २' हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. आपल्या देशात आराखड्यापासून तयार झालेले ते विमान. पाहा कसे आहे: कल्पना सोलापूरच्या माणसाची, आराखडा कोल्हापूरच्या माणसाचा, आणि गाव मात्र बंगळूर! मला याचा राग येत नाही. मला यातून एवढेच कळते, की माणूस कितीही मोठा निघाला तरी गावाची तयारी नसेल तर तो धंदा दुसऱ्या गावी नेतो.

युद्धाच्या धामधुमीत वालचंदांच्या हातूनही तो कारखाना गेला. १९४१ साली हिंदुस्थान सरकारने भांडवलात हिस्सा घेतला, आणि जपानची स्वारी जवळ आल्यावर एप्रिल १९४२ मध्ये वालचंदांचे भाग विकत घेऊन कारभार स्वतःकडे घेतला. पुढे अमेरिकन सैन्याची विमाने तेथे दुरुस्त होऊ लागली. त्या काळात तेथे कामावर स्त्रियाही होत्या, हे मला फार विशेष वाटले. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद वारले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी त्या कंपनीचे नाव हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे लोक ज्याला 'एच. ए. एल.' म्हणतात ते, झाले.

त्याच एच. ए. एल.चा एक कारखाना आपल्या महाराष्ट्रात नाशिकजवळ ओझरला आहे. १९६२ साली रशियाशी मिग विमानांचा करार झाला. त्याच वर्षी चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले आणि पुढच्या वर्षी नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. मिग-२१ चा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापूटला आणि विजेची उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी झाली. द्राक्षे आणि कांदे पिकवणाऱ्या निफाड तालुक्यातील मुले फिटर, टर्नर, रिव्हेट मारणारी झाली. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाली. पण ओझरचे हात रिकामे राहिले नाहीत. मधल्या काळात तेथे मिग-२७ झाली, मग सुखोई झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बनलेले पहिले तेजस विमान उडाले. एक विमान जुने झाले तरी विद्या जुनी झाली नाही. आपण सोलापूरकरांनी हे नीट ध्यानात घ्यावे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा आपल्याकडे घराघरांत काय झाले ते सांगायला नको. तेथे माल बदलला तरी हात टिकले, कारण हात शिकवलेले होते आणि नव्या मालासाठी पुन्हा शिकवले गेले.

हे काम असते तरी कसे, ते आपल्या स्वयंपाकघरातील दाखल्याने सांगते. विमानाचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. ते बहुतेक रिव्हेट मारून जोडतात. काही प्रकारचे रिव्हेट भट्टीत तापवून थंड केले की थोडा वेळच मऊ राहतात, मग आपोआप कडक होतात. म्हणून ते चक्क बर्फाळ पेटीत ठेवतात आणि लागतील तेवढेच बाहेर काढतात. आपण मळलेली कणीक फ्रीजमध्ये ठेवतो तसे. दुसरी गोष्ट कुकरची. उंच आकाशात हवा विरळ असते, म्हणून विमानाच्या आत हवेचा दाब धरून ठेवावा लागतो. दर उड्डाणाला विमानाचे अंग किंचित फुगते, उतरले की पुन्हा बसते. असे हजारो वेळा झाले की धातू थकतो आणि बारीक चीर पडते. म्हणून विमान किती तास उडाले याबरोबरच किती वेळा चढले-उतरले तेही लिहून ठेवतात. चीर डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा भागावर चकाकणारा द्रव लावून, पुसून, विशिष्ट दिव्याखाली धरतात. चिरेत उरलेला द्रव चमकून चुगली करतो.

आणि सर्वांत मोठी गोष्ट कागदाची. विमानातील महत्त्वाच्या भागाची जन्मपत्रिका असते: धातू कोठला, कोणी कापला, कोणी तपासला, केव्हा बसवला. काम झाल्यावर परवानाधारक माणूस स्वतःची सही करतो, तेव्हाच विमान उडते. आपल्या चिंचोळीत आणि सोलापुरात मोटारींच्या इंजिनांचे भाग कापणारे कारागीर आहेत. केसापेक्षा बारीक मापात काम करणे त्यांना नवे नाही. विमानाच्या कामात हाताच्या कसबाबरोबर ही लिहिण्याची आणि सहीची शिस्त लागते, एवढाच फरक. पण तो फरक मोठा आहे, आणि तो शाळेतच शिकावा लागतो.

महाराष्ट्रात अशी कामे आता अनेक ठिकाणी चालतात. नागपूरच्या मिहान भागात विमाने दुरुस्त करण्याचा मोठा कारखाना २०१५ साली सुरू झाला, आणि तेथेच बोइंगच्या मोठ्या विमानांच्या जमिनीखालच्या तुळया बनू लागल्या. कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव या मराठी तरुणाने विमान जोडले. सरकारी परवानगीसाठी वर्षानुवर्षे खेटे घातल्यावर २०२० साली धुळ्याला त्याची चाचणी झाली. आणि वालचंदनगर! उसाच्या माळावर शेठजींनी वसवलेल्या त्या गावातील यंत्रशाळेने देशाच्या अग्निबाणांची कवचे बनवली. साखर कारखान्याची यंत्रे करणारे हात आकाशात पोहोचले. ते गाव आपल्यापासून काही दूर नाही.

स्त्रियांचा उल्लेख केल्याशिवाय आपल्या मंडळाच्या स्मरणिकेतील लेख पुरा कसा व्हावा? १९३६ साली लाहोरला सरला ठकराल या विवाहित तरुणीने साडी नेसून विमान चालवले आणि परवाना मिळवला. स्वातंत्र्याच्या सुमारास प्रेम माथुर हैदराबादच्या कंपनीत वैमानिक झाल्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्त्याहून सिल्चरला गेलेल्या विमानात सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या, आणि त्याच्या कप्तान होत्या आपल्या मराठी सौदामिनी देशमुख. आज आपल्या देशातील वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत असे सांगतात, आणि जगातील सरासरीच्या हे प्रमाण कितीतरी पुढे आहे. म्हणजे "पोरीच्या जातीला हे काय झेपणार" हे वाक्य आता निदान विमानाच्या बाबतीत तरी कोणी उच्चारू नये.

आता होटगी रस्त्याकडे वळू. आपला विमानतळ जुनाच. मध्यंतरी एका खासगी कंपनीचे मुंबईचे विमान काही काळ चालले आणि थांबले. पुढे बरीच वर्षे सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद चालला. एका बाजूला विमान उतरण्यास अडथळा होतो म्हणणारे, दुसऱ्या बाजूला हजारो ऊस उत्पादकांची पोटे. दोन्हीकडे आपलीच माणसे. माझे माहेर उसाच्या पट्ट्यातले, म्हणून मला दोन्ही बाजूंचे दुःख कळत होते. अखेर १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडली गेली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान उडाले आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईचे. ही तारीख पाहून मी चपापले. टाटा कराचीहून टपालाची पिशवी घेऊन निघाले तोही १५ ऑक्टोबरच! मधे ९३ वर्षे गेली. आणि मुंबईला जाणारे हे विमान ज्या कंपनीचे, तीही आपल्या शेजारच्या कोल्हापूर भागातील उद्योगघराण्याची आहे.

तेव्हा "आपल्याला त्याचे काय?" या प्रश्नाचे माझे उत्तर असे. विमानाने रुग्णाला, व्यापाऱ्याला, परगावी नोकरी करणाऱ्या लेकराला लवकर जाता येईल, हा एक लाभ. पण केवळ विमान येऊन गेल्याने गाव विमानाचे होत नाही. एस. टी. स्टँड असलेल्या गावात बस बनतात का? धंदा तेथे मुक्काम करतो जेथे त्याची विद्या शिकवली जाते. म्हैसुराने १९०२ पासून केलेली तयारी १९४० साली फळाला आली. आपण आज केलेली तयारी कदाचित आपल्या नातवंडांना फळ देईल. पण न केलेली तयारी कोणालाच काही देणार नाही.

आपल्यासारख्या घरांत ही तयारी म्हणजे काय, तेही सांगते. दहावीनंतर मूल गणित आणि भौतिकशास्त्र कठीण म्हणून सोडू पाहील, तेव्हा घाई करू नये. विमान दुरुस्तीच्या परवान्याचे शिक्षण बारावीला हे विषय असल्याशिवाय सहसा मिळत नाही. ज्यांना तेवढे शिकवणे झेपत नाही त्यांनी आय. टी. आय.ला कमी लेखू नये. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे शिकलेल्या मुलांना एच. ए. एल.सारखे कारखाने उमेदवार म्हणून घेतात, आणि तेथून वर चढण्याची वाट असते. मुलींनाही तेथे प्रवेश असतो. माझी धाकटी सध्या फिटरचे काम शिकते आहे. शेजारीपाजारी प्रथम हसले. आता तिची कानस सरळ चालते की नाही हे तिचे वडील रोज पाहतात, आणि तिने मोजलेले माप स्वतः पुन्हा मोजत नाहीत. एवढा विश्वास बसायला सहा महिने लागले.

मंडळाने पुढील वर्षी एखाद्या रविवारी मुलामुलींना वालचंदनगर किंवा ओझर भागाची सहल घडवावी, आणि वालचंद शेठजींचा जन्मदिवस २३ नोव्हेंबर हा लहानशा व्याख्यानाने साजरा करावा, अशी माझी विनंती आहे. खर्च फार नाही, वर्गणीत भागेल. आपल्या गावात जन्मलेल्या माणसाने या देशाला विमान बनवायला शिकवले, हे आपल्या मुलांना दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपण सांगावे.

आपल्या मंडळाची अशीच उत्तरोत्तर भरभराट होवो आणि चिंचोळीच्या प्रत्येक घरातील हाताला विद्या मिळो, हीच ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या चरणी प्रार्थना.

— मंडळाची एक सभासद